क्रोकोइट: नाव केशराचं, अंगात शिसं (ओळख, खरेदी, सांभाळ)

गारगोटी

इतर धाग्यांवर क्रोकोइटचा विषय निघाला की मूळ चर्चा बाजूला पडते, म्हणून हा वेगळा धागा. आधी थोडक्यात माहिती देतो, मग प्रश्न टाका.

क्रोकोइट म्हणजे निसर्गात तयार झालेलं लेड क्रोमेट. वजनाने सुमारे 64 टक्के शिसं, 16 टक्के क्रोमियम, उरलेला ऑक्सिजन. स्फटिक एकनताक्ष (तीन अक्षांपैकी एक तिरका), लांबट प्रचिनाकार म्हणजे खांबासारखे, अंगावर उभ्या रेघा आणि टोकं बरेचदा पोकळ. कठिनता 2.5 ते 3, विशिष्ट गुरुत्व (वि. गु., पाण्याच्या किती पट जड) साधारण 6. चमक हिऱ्यासारखी. रंग तांबडा ते लालसर नारिंगी, कस (घासल्यावर उमटणाऱ्या पुडीचा रंग) मात्र नारिंगी-पिवळा.

नावाचं मूळ या कसात आणि रंगात आहे. ग्रीक 'क्रोकोस' म्हणजे केशर. केशराची काडी गडद लाल असते आणि दुधात खलली की पिवळी-नारिंगी उतरते. या खनिजाचंही तसंच: स्फटिक लाल, पूड पिवळी. योहान गॉटलोब लेमान याने 1766 साली उरल पर्वतातल्या, येकातेरिनबुर्गजवळच्या बेरेझोव्स्क इथल्या खनिजाचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा याला स्वतःचं नाव नव्हतं. 'सैबेरियाचं लाल शिसं' असंच म्हणत. 1832 साली ब्यूदां या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने 'क्रोकॉइझ' असं नाव दिलं आणि 1841 साली जर्मनीच्या ब्राइटहाउप्टने त्याचं 'क्रोकोइट' केलं. एकोणिसाव्या शतकात 'क्रोकॉइसाइट' आणि लेमानच्या नावावरून 'लेमानाइट' हीही नावं चालायची. जुन्या संग्रहांच्या चिठ्ठ्यांवर ती अजून दिसतात. वस्तू एकच.

आज बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक चांगला नमुना टास्मानियाच्या पश्चिम भागातल्या डुंडासचा असतो, झीहान गावाजवळचा. अॅडलेड माइन आणि रेड लेड माइन ही दोन नावं लक्षात ठेवा. 2000 साली टास्मानियाने याला आपलं राज्य-खनिज ठरवलं.

सह्यकडा

छान. पण डुंडासच का? शिशाच्या खाणी जगभर आहेत.

गारगोटी

शिसं जगभर आहे, क्रोमियमही बऱ्याच ठिकाणी आहे. अडचण अशी की दोघांची घरं वेगळी. क्रोमियम क्रोमाइट या ऑक्साइड खनिजाच्या रूपात अल्ट्रामॅफिक (मॅग्नेशियम-लोह भरपूर, सिलिका कमी) खडकांत असतं, म्हणजे पेरिडोटाइट किंवा त्याचं बदललेलं रूप सर्पेंटाइन. शिसं गॅलेना म्हणजे शिशाच्या सल्फाइडच्या रूपात, गरम पाण्यातून तयार झालेल्या उष्णजलीय शिरांमध्ये असतं. दोन्ही एकमेकांशेजारी येणं हाच पहिला योगायोग.

पुढची अट त्याहून कडक आहे. खडकातलं क्रोमियम त्रिसंयुजी (+3) असतं आणि ते सहजासहजी हलत नाही. क्रोमेट व्हायला ते षट्संयुजी (+6) व्हावं लागतं. त्यासाठी जोरदार ऑक्सिडीकारक लागतो, आणि हवेतला ऑक्सिजन एकटा हे काम फार हळू करतो. मँगॅनीजची ऑक्साइडं हे काम चांगलं करतात. डुंडासला सर्पेंटाइन शेजारी आहे, गॅलेनाच्या शिरा आहेत आणि वर लोह-मँगॅनीजच्या ऑक्साइडांचं जाड, सच्छिद्र गॉसन (धातूच्या शिरेवरचा गंजलेला माथा) आहे. गॅलेनाचं ऑक्सिडीकरण होऊन शिसं सुटलं, क्रोमेट झिरपत आलं, आणि गॉसनच्या पोकळ्यांमध्ये दोघं भेटले. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे, त्यामुळे भेट झाली की ते लगेच बाहेर पडतं. एवढे लांब स्फटिक झाले याचा अर्थ दोन्ही घटक फार सावकाश आणि अत्यल्प प्रमाणात येत राहिले. भराभर आले असते तर नुसती पिवळी पूड बसली असती.

शिसपेन्सिल

आपल्याकडे सिंधुदुर्गात कणकवलीजवळ क्रोमाइट आहे, भंडाऱ्यातही आहे. मग महाराष्ट्रात शक्यता किती?

गारगोटी

धरू नका. क्रोमाइट आहे, पण शेजारी गॅलेनाच्या शिरा नाहीत. ओडिशातल्या सुकिंद्याला क्रोमाइटचे मोठे साठे आहेत आणि तिथल्या खाणींच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम हा प्रदूषणाचा प्रश्नच आहे, म्हणजे क्रोमेट तयार होतंय, पण त्याला शिसं भेटत नाही. राजस्थानात जावरला शिसं-जस्त आहे, ते डोलोमाइटमध्ये, तिथे अल्ट्रामॅफिक नाही. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटं, अॅपोफिलाइट, वाघोलीचं कॅव्हन्साइट मिळतं. त्या पोकळ्यांची रसायनं सगळी निराळी. कुणी 'नाशिकचं क्रोकोइट' म्हणून काही विकत असेल तर हात जोडून निघा.

कुंकवाचा करंडा

'लाल शिसं' म्हणजे शेंदूरच ना? मारुतीला लावतात तो?

रसायनी

नाही, आणि हा गोंधळ जुना आहे. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, ज्यात तीन शिसं आणि चार ऑक्सिजन. त्यात क्रोमियमचा अंशही नाही. तो शिसं किंवा मुर्दाडशिंग (शिशाचं साधं ऑक्साइड) हवेत भाजून करतात. निसर्गात तो मिनियम नावाने क्वचित सापडतो, आणि तोही पुडीसारखा, देखण्या स्फटिकांत नाही. त्यावर कडी म्हणजे 'मिनियम' हे नाव रोमन काळात हिंगुळाला होतं, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडला. पुढे ते शेंदराकडे सरकलं. तेव्हा जुन्या ग्रंथात 'लाल शिसं', 'मिनियम', 'सैबेरियाचं लाल शिसं' यांतलं काहीही दिसलं तर आधी पाहायचं की वस्तू कोणती आहे: पाऱ्याची, शिशाच्या ऑक्साइडची की क्रोमेटची.

रसायनाच्या इतिहासात क्रोकोइटचं स्थान मोठं आहे, तेही सांगून टाकतो. 1797 साली पॅरिसमध्ये वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने याची पूड पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात उकळली. तळाला पांढरं लेड कार्बोनेट बसलं आणि वर पिवळं द्रावण राहिलं. त्या द्रावणात पाऱ्याचा क्षार घातला की लाल साका, शिशाचा घातला की पिवळा. ओळखीच्या कोणत्याच धातूचं असं वागणं नव्हतं. पुढे त्याने त्यातून मिळालेलं ऑक्साइड कोळशाबरोबर भट्टीत तापवून करडा धातू वेगळा केला. संयुगं इतक्या रंगांची निघाली म्हणून 'क्रोमा', म्हणजे रंग, यावरून धातूचं नाव क्रोमियम पडलं. पाचूचा हिरवा रंगही याच मूलद्रव्यामुळे, हेही वोक्लँनेच दाखवलं.

तळटीप

पाचू आणि माणकात क्रोमियम किंचित असतं आणि क्रोकोइटमध्ये 16 टक्के. रंगाचं कारण एकच का?

रसायनी

नाही, इथे बरेच लेख चुकतात. पाचू-माणकात क्रोमियम त्रिसंयुजी असतं आणि रंग त्याच्या स्वतःच्या डी-इलेक्ट्रॉनांमुळे येतो. क्रोकोइटमधल्या षट्संयुजी क्रोमियमकडे डी-इलेक्ट्रॉन उरलेलेच नाहीत. तिथे प्रकाश शोषला जातो तो ऑक्सिजनकडून क्रोमियमकडे इलेक्ट्रॉन सरकताना. हे शोषण फार तीव्र असतं, निळा-जांभळा प्रकाश पूर्ण गिळतं आणि हिरव्यापर्यंत त्याची शेपूट जाते. जाड स्फटिकातून प्रकाशाला लांब वाट कापावी लागते, त्यामुळे ती शेपूटही काम करते आणि लाल रंग दिसतो. पूड केली की वाट मायक्रॉनभर उरते, मग फक्त निळा जातो आणि पिवळा दिसतो. लाल स्फटिकाचा पिवळा कस यायचं कारण हेच.

टाकीचे घाव

ओळखीचं बोलू. केशरी-लाल खनिज म्हटलं की पाच-सहा नावं येतात आणि विक्रेत्यांच्या यादीत ती एकमेकांत मिसळलेली असतात.

आकार आधी बघा. वुल्फेनाइट (लेड मॉलिब्डेट) पातळ चौकोनी पाट्यांमध्ये येतं. व्हॅनाडिनाइट सहा बाजूंच्या बुटक्या पिंपांसारखं, मोरोक्कोच्या मिब्लादेनचं बाजारात भरपूर आहे. क्रोकोइट मात्र लांब, उभ्या रेघांचं, छेद चौकोनी किंवा समभुज चौकोनासारखा. एवढ्यावर दहातली आठ प्रकरणं निकालात निघतात.

खरी पंचाईत रिअलगारची, म्हणजे मनशिळेची. तीही लाल, तीही लांबट, आणि कसही नारिंगी. म्हणजे कस घासून काही हाती लागणार नाही. शिवाय ती आर्सेनिकची, घासूच नये. इथे वि. गु. कामी येतो: मनशीळ 3.5 च्या आसपास, क्रोकोइट 6.

सुटा स्फटिक असेल तर घरच्या घरी मोजता येतं. 0.01 ग्रॅमचा सोनारी काटा घ्या. स्फटिक कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. स्फटिक बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकवू नका. आता काटा जे दाखवेल ते स्फटिकाने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. 3 ग्रॅमच्या क्रोकोइटला काटा 0.50 दाखवेल, मनशिळेला 0.85 च्या आसपास, हिंगुळाला (वि. गु. 8.1) 0.37.

दोन गोष्टी बिघडतात. क्रोकोइट पोकळ असतं, आत हवेचा बुडबुडा अडकला की उत्तर 5 च्याही खाली येतं. पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब टाका आणि दोरा हलकेच हलवून बुडबुडे काढा. दुसरं, 1 ग्रॅमपेक्षा हलक्या तुकड्यावर ही मोजणी करू नका. काट्याची शेवटच्या अंकातली चूक तिथे निकालच फिरवते. वुल्फेनाइट 6.5 ते 7 आहे, तेवढा फरक लहान तुकड्यावर पकडता येत नाही. तिथे पुन्हा आकारच बघायचा.

मातृखडकावर (ज्या खडकावर स्फटिक वाढला त्यावर) चिकटलेल्या नमुन्याला ही चाचणी निरुपयोगी.

सह्यकडा

कृत्रिम स्फटिकांचं काय? ऑनलाइन लालभडक गुच्छ दिसतात.

टाकीचे घाव

पोटॅशियम डायक्रोमेटचे प्रयोगशाळेत वाढवलेले स्फटिक बाजारात फिरतात, बहुतेक वेळा 'लोपेझाइट' या खऱ्या पण दुर्मीळ खनिजाच्या नावाने. रंग क्रोकोइटसारखा असल्यामुळे हौशी माणूस फसू शकतो. फरक सोपा: ते पाण्यात विरघळतं, ओल्या कापसाच्या बोळ्याने टोकाला स्पर्श केला तरी बोळा नारिंगी होतो. क्रोकोइट पाण्याला दाद देत नाही. बोळा नारिंगी झाला तर वस्तू बंद पिशवीत टाका, हात धुवा आणि परत करा. विद्राव्य डायक्रोमेट क्रोकोइटपेक्षा जास्त घातक आहे.

यापेक्षा नेहमीची लबाडी म्हणजे चिकटवलेले स्फटिक. डुंडासच्या नमुन्यांत स्फटिक वाटेत मोडतात, आणि मग ते खड्ड्यात परत रोवून दिले जातात. 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली बरेच डिंक निळसर-पांढरे चमकतात. बुडापाशी चमक दिसली तर विचारा. दुरुस्ती असणं हा गुन्हा नाही, ती लपवणं हा आहे. भिंगाखाली आणखी एक बघायचं: खरा स्फटिक गॉसनमधून निघतो तिथे बुडाशी तपकिरी ऑक्साइड किंवा पांढरा गिब्साइटचा (अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा) थर त्याच्या अंगावर चढलेला असतो. चिकटवलेल्याच्या बुडाशी बहुधा स्वच्छ मोड असते.

कुंकवाचा करंडा

पोवळ्याऐवजी अंगठीत चालेल का हो? रंग तसाच आहे. आणि कुणी 'क्रिस्टल वॉटर'साठी विचारत होतं.

गारगोटी

दोन्हीला सरळ नाही. कठिनता 2.5 ते 3, पाटन आहे (ठरावीक दिशांना सपाट तुटतं), ठिसूळ आहे. अंगठीत आठवडाभर टिकणार नाही, आणि झिजलेली पूड बोटाला, तिथून जेवणात. संग्राहकांसाठी पैलू पाडलेले खडे मिळतात, ते पेटीत ठेवायचे. पाण्याच्या बाटलीत तर कोणतंही शिशाचं खनिज नको, शुद्धीकरण वगैरे कोणी काहीही म्हणो.

रसायनी

धोका नेमका कुठे आहे ते मांडतो, कारण इथे दोन टोकं दिसतात: 'हात लावला की मेलात' आणि 'अविद्राव्य आहे, काही होत नाही'. अखंड स्फटिक हातात घेतल्याने त्वचेतून काही शिरत नाही. धोका पुडीचा. श्वासातून गेली तर षट्संयुजी क्रोमियम फुफ्फुसांच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. पोटात गेली तर जठरातल्या आम्लात काही भाग विरघळतो आणि शिसं रक्तात जातं. पाण्यात अविद्राव्य असण्याचा तिथे उपयोग नाही. लहान मुलांना याचा त्रास कितीतरी जास्त.

म्हणून कोरडं कापणं, घासणं, पॉलिश करणं बंद. हाताळल्यावर साबणाने हात. जिथे नमुना उघडलात तिथे खाणंपिणं नाही. कण पडले तर ओल्या टिश्यूने टिपा, केरसुणी किंवा साधा व्हॅक्यूम चालवू नका, तो बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत सोडतो. टिश्यू बंद पिशवीत घालून घातक कचऱ्यात.

हळदीचा भाव

विषय थोडा बाजूचा, पण हळदीत लेड क्रोमेट घालतात म्हणतात, ते हेच का?

रसायनी

रासायनिकदृष्ट्या हेच, फक्त कारखान्यातलं. क्रोकोइट दळून कुणी घालत नाही, ते परवडायचं नाही. 'क्रोम यलो' नावाचं रंगद्रव्य म्हणजे कृत्रिम लेड क्रोमेट. वोक्लँच्या शोधानंतर काही वर्षांतच ते रंगवाल्यांच्या हाती गेलं. घरगुती रंगांत आता भारतात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) आहे, त्यामुळे तिथून ते हटलं, पण औद्योगिक रंगद्रव्य म्हणून मिळत राहिलं.

हळदीत ते शिरतं पॉलिशच्या टप्प्यावर. हळकुंडं शिजवून वाळवली की ड्रममध्ये फिरवून वरची साल काढतात. कीड लागलेला किंवा काळपट माल उजळ दाखवायचा असेल तर त्याच फेऱ्यात पिवळा रंग सोडतात. बांगलादेशात यावर नीट अभ्यास झाला. नमुन्यांत शिसं आणि क्रोमियम यांचं प्रमाण मोजलं तर ते लेड क्रोमेटशी जुळलं: अणूंच्या हिशोबात एकास एक, वजनात साधारण चारास एक. शिसं नुसतं मातीतून आलं असतं तर हे प्रमाण असं बसलं नसतं. तिथे कारवाई झाल्यावर बाजारातल्या शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण 2019 मधल्या 47 टक्क्यांवरून 2021 मध्ये शून्यावर आलं.

घरी अख्ख्या हळकुंडाची चाचणी सोपी आहे. पारदर्शक पेल्यात पाणी घ्या, हळकुंड सोडा. रंग चढवलेलं असेल तर लगेच पिवळा रंग सुटताना दिसतो, चांगलं हळकुंड तसा सोडत नाही. ही चाचणी ढोबळ आहे. पाणी स्वच्छ राहिलं म्हणजे शिसं नाही असं म्हणता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच. हळदीत शिशाची कायदेशीर कमाल मर्यादा आपल्याकडे किलोला 10 मिलिग्रॅम आहे.

शिसपेन्सिल

परत दगडाकडे येऊ. साफसफाई कशी? झिओलाइटवाले सरसकट ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, गंज निघतो.

टाकीचे घाव

इथे ऑक्झॅलिक म्हणजे नमुना घालवणं. आम्लात ऑक्झॅलेट षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करतं आणि सुटणाऱ्या शिशाचं पांढरं ऑक्झॅलेट स्फटिकावर बसतं. लाल चमकदार अंगावर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, आणि ते परत निघत नाही. मीठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक) तर लेड क्लोराइडचा थर देतं. व्हिनेगर क्रोकोइटला फारसं काही करत नाही, पण डुंडासच्या नमुन्यावर सोबत सेरुसाइट (निसर्गातलं लेड कार्बोनेट) असेल तर ते खातं, आणि क्रोमियममुळे पिवळं झालेलं सेरुसाइट हा त्या नमुन्याचा अर्धा जीव असतो. धुण्याचा सोडाही नको. वोक्लँने जे केलं तेच तुम्ही हळूहळू पृष्ठभागावर कराल. गंज काढणाऱ्या क्षपणकारक पावडरीही बाद, त्याही ऑक्झॅलिकसारख्या क्रोमियम सहावरून तीनवर उतरवतात. अल्ट्रासॉनिक टाकीत तर स्फटिक पाटनावर तुटून तळाला पडतात.

करायचं ते इतकंच. आधी गॉसन बघा. टिचकीने भुगा पडत असेल तर भिजवायचंच नाही, मातीचे थर फुगून स्फटिकांची पकड सुटते. घट्ट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात, खोलीच्या तापमानाला, 10 मिनिटं. मग सुई काढलेल्या 20 मिलिलिटरच्या सिरिंजने पाण्याची धार स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने सोडा, आडवी नाही. आडवी धार म्हणजे तरफ. चिकट माती राहिली तर शून्य नंबरचा सेबलचा ब्रश, तोही बुडाकडून टोकाकडे. पांढरा गिब्साइट खरवडायला जाऊ नका, तो स्फटिकाला धरून ठेवतो. टिश्यूवर तिरका ठेवून सावलीत दिवसभर वाळू द्या. हेअर ड्रायर नको, क्रोकोइट तापवलं की काळवंडतं आणि तडतडून फुटतं.

वापरलेलं पाणी लगेच मोरीत ओतू नका. दिवसभर निवळू द्या, वरचं सावकाश काढा, तळाचा गाळ टिश्यूत टिपून घातक कचऱ्यात.

तळटीप

उजेडाने रंग जातो हे खरं का?

गारगोटी

उघड्या उजेडात ठेवलेले नमुने वर्षानुवर्षांनी तेज आणि पारदर्शकता गमावतात, हे बऱ्याच काळापासून नोंदलेलं आहे. कृत्रिम क्रोम यलोच्या बाबतीत कारणही तपासलं गेलंय: व्हॅन गॉगच्या चित्रांमधला पिवळा तपकिरी होतोय तो प्रकाशामुळे क्रोमियम सहावरून तीनवर उतरल्याने, हे 2011 मध्ये क्ष-किरणांच्या अभ्यासातून दाखवलं गेलं. सगळ्यात अस्थिर निघाला तो सल्फेट मिसळलेला फिकट प्रकार. क्रोकोइटचा मोठा स्फटिक त्या बारीक रंगद्रव्यापेक्षा टिकाऊ असतो, पण खिडकीसमोरचं काचेचं कपाट नकोच. खणात ठेवा. दाखवायचं असेल तेव्हा एलईडी लावा. हॅलोजनची उष्णता आणि अतिनील दोन्ही नको. त्याच खणात कुजायला लागलेलं मार्कासाइट किंवा पायराइट ठेवू नका, त्यातून सल्फ्युरिक आम्ल सुटतं.

सह्यकडा

परदेशातून मागवायचा तर पॅकिंग कसं सांगू विक्रेत्याला? बहुतेक कथा तिथेच संपतात.

टाकीचे घाव

एकच तत्त्व: स्फटिकाला कशाचाही स्पर्श नको, बुडाला मात्र हलायला जागा नको. बबल रॅपमध्ये गुंडाळलेला क्रोकोइट काड्यांचा पुडा होऊन येतो, कारण प्रत्येक धक्का रॅपमधून थेट टोकांवर जातो.

कडक प्लॅस्टिकची डबी घ्या, नमुन्याभोवती सगळीकडून किमान 2 सेंमी जागा राहील एवढी. तळाशी घट्ट फोमचा ठोकळा, त्यात मातृखडकाच्या आकाराची खाच कापून नमुना बसवा. फोम स्फटिकांच्या खालच्या पातळीपर्यंतच यावा. मग मातृखडकावरून, स्फटिक नाहीत अशा दोन ठिकाणांवरून, पट्टी ओढून डबीच्या तळाशी बांधा. खनिजांची मेणचट पुट्टी एकटी पुरत नाही, विमानाच्या गारठ्यात ती कडक होऊन सुटते. डबी उलटी करून हलकेच हलवा. काही सरकलं तर पुन्हा बांधा. ही डबी मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंनी 5 सेंमी मऊ भरण. कडक आत, मऊ बाहेर. उलट केलं की फसतं.

आल्यावर डबी पांढऱ्या कागदावर उघडा. पडलेले तुकडे कागदावर सापडतात, सतरंजीत नाही.

शिसपेन्सिल

आणि मोडलाच तर? फेव्हिक्विक?

टाकीचे घाव

सायनोअॅक्रिलेट नको. ते पाण्यासारखं पातळ असतं, उभ्या रेघांमधून वर चढतं आणि वाळताना त्याच्या वाफा आजूबाजूच्या चकचकीत पृष्ठांवर पांढरा धूर बसवतात. शिवाय ते उघडणं अवघड.

संग्रहालयवाले पॅरालॉइड बी-72 वापरतात, तेच घ्या. ते एक अॅक्रिलिक राळ आहे, अॅसिटोनमध्ये विरघळतं आणि पुढे कधीही अॅसिटोननेच सोडवता येतं. चिकटवायला वजनाने 40 ते 50 टक्क्यांचं द्रावण करा. दाणे जाळीच्या पिशवीत घालून काचेच्या बरणीत अॅसिटोनमध्ये लटकवून ठेवले की रात्रभरात विरघळतात. तळाला टाकले तर गोळा होऊन बसतो. मोडीच्या दोन्ही बाजू कोरड्या आणि धूळमुक्त हव्यात. टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब मोडीच्या मध्यभागी, कडेला नाही. जुळवा, दहा सेकंद धरा, मग मिठाच्या किंवा वाळूच्या वाटीत नमुना असा टेकवून ठेवा की तुकडा स्वतःच्या वजनाने सांध्यावर बसेल. अॅसिटोन पूर्ण उडायला एक-दोन दिवस लागतात, तोवर हलवू नका. कडेला बाहेर आलेला थेंब अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या ब्रशने लगेच टिपा. खिडकी उघडी, जवळ निरांजन वगैरे काही नको, अॅसिटोन झटकन पेट घेतो.

भुगा होणाऱ्या गॉसनला बळकटी द्यायची तर तेच द्रावण 5 टक्क्यांचं करून ब्रशने फक्त मातृखडकावर सोडा. स्फटिकांवर गेलं तर चमक प्लॅस्टिकसारखी होते.

तळटीप

चिठ्ठीवर काय काय लिहायचं ते पण सांगा, म्हणजे धागा वाचून लगेच करता येईल. आणि नागरीत 'क्रोकोइट' की 'क्रोकोआइट'?

गारगोटी

दोन्ही दिसतात. एक धरा आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर तेच ठेवा, म्हणजे शोधताना सापडेल. चिठ्ठीवर: क्रोकोइट, मग मातृखडक आणि सोबतची खनिजं (गॉसन, सेरुसाइट, गिब्साइट जे असेल ते), मग खाण, गाव, राज्य, देश. नुसतं 'डुंडास' लिहू नका, अॅडलेड की रेड लेड ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. पुढे खाण ओळखता येत नाही आणि किमतीत फरक पडतो. लांबी-रुंदी, वजन, कधी आणि कोणाकडून आला. दुरुस्ती असेल तर 'एक स्फटिक जोडलेला, बी-72' असं स्पष्ट. जुनी चिठ्ठी असेल तर ती फेकू नका, 'लेमानाइट' किंवा 'क्रोकॉइसाइट' लिहिलेलं असलं तरी ती मागे जोडून ठेवा. आणि शेवटी लाल शाईत: शिसं व षट्संयुजी क्रोमियम, हाताळल्यावर हात धुणे.